स्वित्झर्लंडमधली १९८४ ची ऑडी क्वाट्रो जर्मनीत आणताना: पाहणीपासून 'एच' नंबरप्लेटपर्यंत

गेल्या सप्टेंबरात सुरू केलेलं काम या एप्रिलमध्ये हातावेगळं झालं. १९८४ सालची एक ऑडी क्वाट्रो स्वित्झर्लंडमधून जर्मनीत आली, कस्टममधून सुटली, तपासणीत पास झाली आणि तिच्या नंबरप्लेटवर शेवटी ऐतिहासिक गाडीची खूण असलेलं 'एच' हे अक्षर लागलं. इथे जर्मनीत मोटार उद्योगात काम करणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांच्या मनात एखादी जुनी गाडी असते, पण कागदपत्रांचा डोंगर बघून बेत तिथेच थांबतो. म्हणून कोणत्या क्रमाने काय केलं, कुठे किती वेळ आणि पैसा गेला, आणि गाडी बघताना नेमकं काय बघायचं, ते सगळं लिहून ठेवतो आहे.

आधी गाडीविषयी. क्वाट्रो पहिल्यांदा दिसली ती ३ मार्च १९८० रोजी, जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात. टर्बो इंजिन आणि कायमस्वरूपी चारही चाकांना ताकद, अशी गाडी रॅलीत उतरवायची तर तेव्हाच्या 'ग्रुप ४' या स्पर्धा-वर्गाच्या नियमाप्रमाणे ४०० गाड्या बनवणं भाग होतं, आणि ऑडीने सुरुवातीला तेवढ्याच ठरवल्या होत्या. मागणी इतकी आली की १९९१ पर्यंत ११,४५२ बनल्या. १९८१ मध्ये मिशेल मूटोंने सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ आणि १९८४ मध्ये उत्पादकांचं अजिंक्यपद ऑडीकडे गेलं, तर चालकांचं १९८३ मध्ये हानु मिकोलाकडे आणि १९८४ मध्ये स्टिग ब्लोमक्विस्टकडे. रस्त्यावरची क्वाट्रो ही त्या गाड्यांची सख्खी बहीण आहे. कारखान्याच्या संघाने प्रत्यक्ष रॅलीत पळवलेल्या गाड्यांचा बाजार अगदी निराळा आहे, आणि आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली) 'स्पोर्ट क्वाट्रो' तर जेमतेम दोनशेच्या घरात बनली, त्यामुळे तिची किंमत वेगळ्याच पातळीवर असते.

पहिला निर्णय मॉडेलचा. १९८७ पर्यंतच्या गाड्यांत २,१४४ सीसीचं, दहा व्हॉल्व्हचं, पाच सिलिंडरचं 'डब्ल्यूआर' इंजिन आहे: २०० पीएस (अश्वशक्ती), २८५ न्यूटनमीटर. १९८७ नंतर २,२२६ सीसीचं 'एमबी' आलं आणि मधला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) टॉर्सन, म्हणजे ताकद आपोआप वाटणारा, झाला. १९८९ पासून वीस व्हॉल्व्हचं, २२० पीएसचं 'आरआर' आलं. चालवायला शेवटचं सर्वांत सुखाचं आणि म्हणूनच सर्वांत महाग. मी डब्ल्यूआर निवडलं, कारण रॅलीच्या काळाशी ते जुळतं, आणि मधला डिफरन्शियल हाताने लॉक करायची सोय त्याच गाड्यांत मिळते. १९८४ च्या मॉडेलला १५ इंची, ८ इंच रुंद रोनाल चाकं, एबीएस आणि हिरव्या आकड्यांचा डिजिटल डॅशबोर्ड आहे.

दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा: जपलेली गाडी घ्यायची, नव्याने घडवलेली नाही. रोलकेज (केबिनमधला संरक्षक पोलादी सांगाडा) वेल्ड केलेल्या, रॅलीचे स्टिकर लावलेल्या, आतली गालिचे-सीट काढून टाकलेल्या क्वाट्रो विक्रीला बऱ्याच दिसतात. दिसायला त्या झकास असतात. पण मूळची रस्त्यावरची गाडी नंतर कुणीतरी रॅलीसारखी केलेली असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत घटते. शिवाय पुढे कस्टममध्ये आणि 'एच'च्या तपासणीतही हाच प्रश्न विचारला जातो: गाडी मूळ स्थितीत आहे का? त्यामुळे फिकट पडलेलं पण कारखान्यातलं कापड मला नव्या चामड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पुण्याहून हमखास विचारलं जातं, भारतात आणता येईल का? वापरलेली गाडी आयात करायची तर सर्वसाधारण नियम असा की ती तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण १९८४ ची गाडी अजून त्यात बसत नाही. म्हणून ही गाडी इथेच राहणार, हे धरूनच सगळा हिशोब केला.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर फक्त कागद वाचण्यात गेले. गाडी बघायला जाण्यापूर्वी विक्रेत्याकडून फोटो मागवायचे ते असे: इंजिनाच्या मागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर, ब्लॉकवरचा इंजिन नंबर, डिकीतला कारखान्याचा स्टिकर, सर्व्हिस बुकाची पहिली पानं, आणि स्विस नोंदणीपत्राच्या दोन्ही बाजू. चासी नंबरची सुरुवात 'डब्ल्यूएयू झेडझेडझेड ८५ झेड' अशी हवी. त्यातला '८५' म्हणजे क्वाट्रोचा प्रकार. पुढचं अक्षर मॉडेल वर्षाचं: 'डी' म्हणजे १९८३, 'ई' म्हणजे १९८४, 'एफ' म्हणजे १९८५. त्यानंतरचा 'ए' म्हणजे इंगोल्श्टाटचा कारखाना. डिकीतल्या स्टिकरवर इंजिनाचा कोड, गिअरबॉक्सचा कोड, रंगाचा कोड आणि कारखान्यातून बसवून आलेल्या जोडसाहित्याचे आकडे असतात. तोच मजकूर सर्व्हिस बुकातही चिकटवलेला असतो. दोन्ही जुळले आणि रंगाचा कोड गाडीच्या आजच्या रंगाशी जुळला, की निम्मी शंका फिटते. स्टिकर नसेल तर डिकीचा मागचा पत्रा कधीतरी बदलला आहे का, हे पहिलं विचारायचं.

स्विस गाड्यांचा एक मोठा फायदा आहे. तिथे तीस वर्षांवरची, मूळ स्थितीतली गाडी 'व्हेटरन' म्हणून नोंदवता येते, आणि तशी नोंद नोंदणीपत्रावरच असते. तिची सरकारी तपासणी सहा वर्षांनी एकदा होते. नुकतीच तपासणी झालेली असेल तर तो अहवाल मागून घ्यायचा. किलोमीटरचा आकडा खरा आहे का, हे गॅरेजच्या बिलांवरून ताडायचं: वर्षानुवर्षांची बिलं तारखेप्रमाणे लावली की आकडा सरळ चढत गेलेला दिसायला हवा. बिलांमध्ये चार-पाच वर्षांची पोकळी असेल तर गाडी उभी होती का, कुठे उभी होती, हे विचारायचं. उभ्या गाडीची दुरुस्ती पळणाऱ्या गाडीपेक्षा महाग पडते.

नोव्हेंबरमध्ये थुरगाऊ प्रांतात गाडी बघितली. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की इंजिन सकाळपासून सुरू करू नये. थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येतं ते गरम झाल्यावर लपतं. या इंजिनाचा नेहमीचा रोग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव भागाला) जाणारा तडा. टर्बोच्या उष्णतेने ओतीव लोखंड सतत फुगतं-आकसतं आणि पोर्टांच्या मधल्या भागात चीर पडते, किंवा कडेचे स्टड तुटतात. थंड असताना बारीक 'टिक-टिक' आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो बंद होतो. मॅनिफोल्ड बदलताना तुटलेले स्टड हेडमधून काढावे लागतात आणि खरा खर्च तिथेच होतो. या गाडीत आवाज नव्हता, आणि एका बिलात मॅनिफोल्ड बदलल्याची नोंदही सापडली.

मग पत्रा. संपूर्ण गॅल्व्हनाइज्ड बॉडी ऑडीने १९८५ पासून ऑडी १०० मध्ये सुरू केली. १९८४ च्या क्वाट्रोला ते कवच नाही, त्यामुळे गंज शोधावाच लागतो. रंगाची जाडी मोजणारं यंत्र शंभरेक युरोंत मिळतं, ते जवळ ठेवाच. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या पुढे गेलं तर पुन्हा रंगकाम झालं आहे, आणि हजाराच्या घरात गेलं तर खाली पुट्टी आहे. मागच्या फुगीर मडगार्डांची आतली कड बोटांनी चाचपायची. जॅक लावायच्या जागा, उंबऱ्याखालचा पोकळ भाग, पेट्रोल भरायच्या नळीभोवतीचा पत्रा, आणि डिकीच्या झाकणावर काळ्या स्पॉयलरखालची जागा, जिथे पाणी अडकून राहतं, ही ठिकाणं टाळायची नाहीत. बॉनेट उघडून पुढच्या काचेखालची पन्हळ बघायची. तिथे पानं कुजून पाण्याची भोकं बुजतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं, म्हणून चालकाच्या पायाखालचा गालिचाही उचलून बघायचा. पाहिलेल्या गाडीत डाव्या पुढच्या मडगार्डवर २६० मायक्रॉनचा एक पट्टा होता, बाकी सगळीकडे १०० ते १४०. विक्रेत्याने स्वतःहून पार्किंगमधला ओरखडा सांगितला आणि त्याचं बिलही दाखवलं. असा पट्टा काळजीचा नसतो.

ब्रेकची चाचणी दोन मिनिटांची आहे, पण बरेच जण करत नाहीत. या गाडीत ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग एकाच हायड्रॉलिक पंपावर चालतात, आणि ब्रेकसाठीचा दाब एका गोल धातूच्या साठवण-गोळ्यात राहतो. इंजिन चालू करून बंद करायचं, मग पेडल दाबत मोजायचं. गोळा चांगला असेल तर दहा-बारा वेळा तरी पेडल मऊ लागतं. दोन-तीन दाबांतच दगडासारखं कडक झालं तर आतला पडदा फाटला आहे. चालू इंजिनावर ही उणीव जाणवत नाही, पण रस्त्यात इंजिन बंद पडलं तर ब्रेक लावायला सगळं अंग टाकावं लागेल. तेलही बघायचं: या पंपाला हिरवं खनिज हायड्रॉलिक तेल लागतं. त्यात कुणी साधं ब्रेक ऑइल किंवा भलतंच तेल ओतलं असेल तर सील खराब होतात आणि पंपापासून स्टिअरिंग रॅकपर्यंत सगळं गळू लागतं.

डिफरन्शियल लॉक डांबरी रस्त्यावर कधीही तपासायचे नाहीत. वळताना चारही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला हवीत, लॉक ती मोकळीक काढून घेतो आणि ताण गिअरबॉक्सवर येतो. खडीचं आवार शोधायचं, गाडी अगदी हळू ठेवायची, आधी मधला लॉक आणि मग मागचा. लॉक लागणं-सुटणं व्हॅक्यूमने होतं, आणि चाळीस वर्षांत त्या बारीक रबरी नळ्या चिरतात. बटण फिरवलं आणि दिवा लागला, एवढ्यावर थांबायचं नाही. लॉक लावून हळू वळवल्यावर चाकं खडीत घासटत गेली पाहिजेत आणि स्टिअरिंग जड व्हायला हवं. मागचा लॉक लागला की एबीएस बंद होतो आणि तसा दिवा दिसतो. तो दोष नाही, गाडीची रचनाच तशी आहे. इथे मागचा लॉक लागायला बराच वेळ घेत होता. नळ्या जुन्या झाल्याचं लक्षण, किमतीतून वजा करायची बाब.

इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजलं: पेट्रोल पंपाचा रिले काढून, इग्निशन तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती यापेक्षा पाचही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. शेवटी गरम इंजिन बंद करून वीस मिनिटं वाट बघायची आणि परत सुरू करायचं. या गाडीतली के-जेट्रॉनिक इंधनप्रणाली यांत्रिक आहे, इंजिन बंद केल्यावरही पाइपांमध्ये दाब टिकवून ठेवणं तिला गरजेचं असतं. तो दाब उतरला की गरम नळ्यांत पेट्रोलची वाफ होते आणि स्टार्टर खूप वेळ फिरवावा लागतो. दोषी बहुधा पंपातला एकतर्फी व्हॉल्व्ह किंवा इंधनाचा अ‍ॅक्युम्युलेटर असतो. सिलिंडरांना इंधन वाटून देणारं डिस्ट्रिब्युटर-हेड खराब असेल तर मात्र खर्च भरमसाट.

डिसेंबरचे सुट्टीचे दिवस घासाघिशीत गेले. टायर जुने (बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात), टायमिंग बेल्टची तारीख कुठेच नाही, व्हॅक्यूमच्या नळ्या बदलायच्या. एवढं लेखी मांडलं आणि किंमत वाजवी झाली. कुरकुर करण्यापेक्षा भागांची यादी आणि त्यांचे बाजारभाव समोर ठेवले की बोलणी सोपी जातात.

जानेवारीत करार झाला. छापील नमुन्यात न मावणाऱ्या चार गोष्टी हाताने लिहून घ्यायच्या: चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही, पहिल्या नोंदणीची तारीख, गाडी चासी, इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या बाबतीत मूळ स्थितीत असल्याचं एक वाक्य, आणि कस्टमचा खर्च कुणाचा ते. विक्रेत्याने स्विस वाहतूक कार्यालयात नंबरप्लेट जमा केल्या आणि नोंदणीपत्र रद्द करून घेतलं. रद्दचा शिक्का मारलेलं मूळ पत्र हातात येईपर्यंत गाडी हलवायची नाही. त्याची झेरॉक्स जर्मनीत चालत नाही, आणि मूळ प्रत हरवली तर मालकी सिद्ध करायला आठवडे जातात. पैसे बँकेतूनच पाठवले. रोख न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख युरोपीय संघाच्या सीमेवर जाहीर करावी लागते.

फेब्रुवारीत वाहतूक. गाडीवर कोणतीच वैध नंबरप्लेट नव्हती, आणि त्या महिन्यात रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं. मिठाचं पाणी जुन्या पत्र्यात शिरू देण्यात काही अर्थ नाही. बंद ट्रकवाल्याने साधारण ९०० युरो घेतले. स्वतः ट्रेलरने आणायचा विचार असेल तर गाडीचं वजन १,३०० किलोच्या आसपास आहे, ट्रेलर आणि ओढणारी गाडी मिळून साडेतीन टनांच्या पुढे जातं, आणि मोटारगाडीचं साधं 'बी' लायसन्स पुरत नाही.

कस्टम हा सगळ्यात मोठ्या पैशांचा टप्पा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सीमा ओलांडणारी गाडी म्हणजे आयात. साधी मोटारगाडी म्हणून आली तर १० टक्के शुल्क, आणि त्यानंतर शुल्कासहित किमतीवर १९ टक्के आयात विक्रीकर. कस्टमच्या दरयादीत संग्राह्य वस्तूंचं वेगळं शीर्षक आहे, ९७०५. त्यात गाडी बसली तर शुल्क शून्य आणि कर ७ टक्के. हिशोबासाठी किंमत ७०,००० युरो धरा. साध्या दराने ७,००० शुल्क, ७७,००० वर १४,६३० कर, मिळून २१,६३० युरो. ९७०५ खाली फक्त ४,९००. या दोन आकड्यांमधली १६,७३० युरोंची तफावत केवळ कागदावर ठरते.

९७०५ च्या अटी अशा: गाडी किमान तीस वर्षांची, ते मॉडेल आता बनत नसावं, आणि ती मूळ स्थितीत असावी, म्हणजे चासी, बॉडी, स्टिअरिंग, ब्रेक, गिअर-यंत्रणा, सस्पेन्शन आणि इंजिन यांत मोठे बदल नसावेत. झिजलेले भाग बदललेले चालतात, दुरुस्ती चालते. आधुनिक केलेली गाडी चालत नाही. रोलकेजवाली 'रॅली' क्वाट्रो इथे अडते, हे खरेदीदारांच्या ध्यानात फार उशिरा येतं.

कस्टमच्या खिडकीवर वाद घालत बसण्यापेक्षा सीमेवरच्या कस्टम एजंटाला आठवडाभर आधी सगळी फाइल पाठवावी. माझ्या फाइलमध्ये करार, रद्द झालेलं नोंदणीपत्र, 'व्हेटरन' नोंदीचं पान, चासी आणि इंजिन नंबरचे जवळून घेतलेले फोटो, केबिनचे आणि इंजिनाचे फोटो, आणि एका स्वतंत्र मूल्यमापकाचं मूळ स्थितीविषयीचं पत्र होतं. घोषणापत्र दोन्ही बाजूंचं, स्विस निर्यातीचं आणि जर्मन आयातीचं, एजंटाने भरलं. त्याची फी दीडशे युरोंच्या आसपास. दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात: फ्रँकचे युरो करताना कस्टम स्वतःचा मासिक दर लावतं, त्या दिवशीचा बँकेचा नव्हे. आणि कराच्या रकमेत वाहतुकीचा खर्चही धरला जातो, म्हणून ट्रकवाल्याचं बिल सोबत हवं. गाडी कोणत्या शीर्षकात बसेल याविषयी शंका असेल तर जर्मन कस्टमकडून आधीच बंधनकारक लेखी उत्तर मागवता येतं. त्याला चार महिनेही लागू शकतात, त्यामुळे ते कराराच्या आधीच करायचं काम आहे.

कर भरल्यावर दोन कागद मिळतात: कर आकारणीचा आदेश, आणि गाडीच्या नोंदणीला कस्टमची हरकत नसल्याचा दाखला. दुसऱ्याशिवाय नोंदणी कार्यालय फाइल उघडतही नाही.

मार्चमध्ये तांत्रिक तपासणी. बाहेरच्या देशातून आलेल्या आणि जर्मन कागद नसलेल्या गाडीला जर्मन वाहन नियमावलीच्या परिच्छेद २१ खालचा संपूर्ण तपासणी अहवाल लागतो, आणि 'एच'साठी परिच्छेद २३ खालचा वेगळा. दोन्ही एकाच भेटीत होतात, पण अपॉइंटमेंट घेतानाच तसं सांगावं लागतं, कारण प्रत्येक केंद्रावर त्यासाठीचा अधिकृत अभियंता रोज नसतो. मला जवळपास तीन आठवडे थांबावं लागलं. आजच्या गाड्यांना मिळतं तसं उत्पादकाचं अनुरूपता-पत्र १९८४ च्या गाडीला नाही, म्हणून तपासणी संस्थेकडून या मॉडेलचं तांत्रिक माहितीपत्रक विकत घेतलं. त्यात वजन, एक्सलवरचा भार, आवाजाची मर्यादा, टायरचे मंजूर आकार असं सगळं असतं. ते आधीच जवळ असेल तर तपासणीचा दिवस वाया जात नाही.

'एच'च्या निकषात तीन गोष्टी बघतात: पहिली नोंदणी होऊन तीस वर्षं झाली का, गाडी बऱ्याच अंशी मूळ आहे का, आणि तिची अवस्था जपण्याजोगी आहे का. त्या काळी होत असलेले बदल, उदाहरणार्थ गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत बसवलेली त्या वेळची चाकं, मान्य होतात. कालपरवा लावलेले एलईडी दिवे होत नाहीत. इथे टायर हा खरा प्रश्न ठरला. मंजूर आकार २१५/५० आर१५, आणि तो आज फारच थोड्या कंपन्या बनवतात. तपासणीच्या तारखेच्या किमान दोन महिने आधी ऑर्डर द्यावी. टायर आधी, अपॉइंटमेंट नंतर, हा क्रम पाळला तरच काम सुरळीत होतं. अभियंत्याने सगळ्यात जास्त वेळ गाडीखाली टॉर्च घेऊन घालवला: मागच्या एक्सलजवळचे ब्रेक पाइप, इंधनाचे पाइप, आणि प्रत्येक रबरी होजवर नख दाबून चिरा आहेत का. धूर-तपासणी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसली. माहितीपत्रक, दोन्ही अहवाल आणि नियमित तपासणी मिळून साधारण साडेचारशे युरो गेले.

विम्यासाठी मूल्यमापन अहवाल लागतो. जर्मनीत गाडीला १ ते ५ अशी श्रेणी देतात. १ म्हणजे निर्दोष, ५ म्हणजे केवळ जीर्णोद्धारालायक. चाळीस वर्षांची, जपलेली, वापरातली गाडी २ च्या आसपास आली तर उत्तम समजायचं. कंपन्यांच्या अटी बहुतेक सारख्याच: रोजच्या वापराला दुसरी गाडी, बंद गॅरेज, वर्षाला किलोमीटरची मर्यादा. अहवालातल्या किमतीवर विमा ठरतो, आणि बाजार हलत असतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी अहवाल नवा करायचा. विमा पक्का झाला की कंपनी सात अक्षरांचा एक कोड देते.

एप्रिलमध्ये नोंदणी कार्यालय. ओळखपत्र आणि पत्त्याचा दाखला, करार, रद्द झालेलं स्विस पत्र, कस्टमचा दाखला, दोन्ही तांत्रिक अहवाल, विम्याचा कोड आणि करासाठी बँक खात्याचं संमतीपत्र, सगळं मूळ प्रतींत, एकावर एक लावून दिलं. चासी नंबर गाडीवर प्रत्यक्ष बघायचा आग्रह काही कार्यालयं धरतात, ते आधी विचारून घ्यावं. गाडी चोरीची नाही हे केंद्रीय नोंदीतून तपासलं जातं. मग नंबरप्लेट समोरच्या दुकानात ठोकून आणायच्या आणि शिक्के मारून घ्यायचे. 'एच' प्लेटवर वार्षिक वाहनकर ठरलेला आहे, १९१.७३ युरो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या या इंजिनाला साध्या दराने सुमारे ५५८ युरो भरावे लागले असते. शहरांतल्या पर्यावरण-क्षेत्रांतही 'एच' गाडीला हिरवा स्टिकर लागत नाही.

नोंदणी झाल्यावर लगेच लांबच्या फेरीला निघू नये. टायमिंग बेल्ट, त्याच्यासोबत वॉटर पंप, सगळ्या रबरी होज आणि व्हॅक्यूम नळ्या, ब्रेक ऑइल, कूलंट आणि गिअरबॉक्स व मागच्या डिफरन्शियलचं तेल, हे एकाच वेळी करून घेतलं आणि तारखा इंजिनापाशी लिहून ठेवल्या. बरेच भाग ऑडीच्या ऐतिहासिक विभागाच्या दुकानात मिळतात. डिजिटल डॅशबोर्डचे आणि आतल्या प्लास्टिकचे भाग मात्र वापरलेलेच शोधावे लागतात. पेट्रोल इथेनॉल कमी असलेलं, ९८ ऑक्टेनचं. जास्त इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. जोरात चालवून आल्यावर इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवून मग बंद करायचं, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळत नाही. काढलेले मूळ भाग, अगदी जुना क्लॅम्पसुद्धा, नाव लिहून पिशवीत ठेवले आहेत, कारण पुढच्या मूल्यमापनात तेही बघतात. पुढची सरकारी तपासणी दोन वर्षांनी.